मानमोडीची साथ

चुलीपुढं असाल, गोठ्यात असाल, नाहीतर गटाच्या बैठकीला जमून रेडिओ मध्ये ठेवून ऐकत असाल, आहात तिथंच ऐका. आज सर्दी-पडशाबद्दल बोलायचंय. पण सुरुवात करू शंभर वर्षांपूर्वीच्या एका गोष्टीपासून.

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. पावसाची झड लागलेली. चौदाजणींपैकी निम्म्या नाक पुसत बसलेल्या, दोघींनी तर 'अंग मोडून आलंय' म्हणून निरोपच पाठवला. हप्ते गोळा करता करता कुणी आल्याचा काढा सांगत होतं, कुणी ओव्याची धुरी. आमच्या गटात चौऱ्यांशी वर्षांची एक आजी आहे, तिला सगळ्या मोठी आई म्हणतात. ती कोपऱ्यातून म्हणाली, "मानमोडी नाही ना गं आली परत?"

हा शब्द आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हता. मग मोठ्या आईनं सांगितलं. तिची सासू या घरात दुसरेपणाची म्हणून आली होती. सासऱ्यांची पहिली बायको मानमोडीत गेली, आणि वर्षाच्या आत ही बारा वर्षांची पोर त्यांच्याशी लावून दिली. तिच्या गळ्यात सवतीचा टाक होता. तुमच्यातल्या जुन्या बायांना ठाऊक असेल, गेलेल्या पहिलीच्या नावानं दुसरी बायको चांदीचा छोटा टाक घालायची. तो टाक अजून मोठ्या आईच्या देव्हाऱ्यात आहे. आम्ही विचारलं, पहिलीचं नाव काय? मोठ्या आईला सांगता येईना. सासू तिला 'थोरली' म्हणायची, एवढंच.

ती थोरली ज्या साथीत गेली ती कसली साथ होती, हे शोधायचं आम्ही तिथंच ठरवलं. तालुक्याच्या वाचनालयातली पुस्तकं चाळली, दोन-तीन जाणत्या माणसांना विचारलं, आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंचं डोकं खाल्लं. जे कळलं ते सांगतो.

ते साल १९१८. पहिलं महायुद्ध संपत आलेलं. आपल्याकडचे हजारो जवान परदेशी लढायला गेले होते आणि सैनिकांची जहाजं मुंबई बंदराला लागत होती. १० जूनला मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापानं आजारी पडून इस्पितळात दाखल झाले. ताप हिवतापाचा नव्हता. मग गोदीतले कामगार पडले, कचेऱ्यांतले कारकून पडले, गिरण्यांतली माणसं पडली. मुंबईचे तेव्हाचे आरोग्य अधिकारी टर्नर यांनी लिहून ठेवलंय की हा रोग रात्रीच्या चोरासारखा गुपचूप शहरात शिरला. हा रोग म्हणजे इन्फ्लुएन्झा, ज्याला आपण आज फ्लू म्हणतो. जगात त्याला 'स्पॅनिश फ्लू' नाव पडलं, पण तो स्पेनमधून निघाला होता असं नाही. स्पेन युद्धात नव्हता, म्हणून तिथल्या वर्तमानपत्रांना आजाराच्या बातम्या छापायला बंदी नव्हती, आणि ज्यानं खरं सांगितलं त्याच्याच नावावर खापर फुटलं. आपल्याकडं रोग्याला मान धरवत नसे, म्हणून लोकांनी मानमोडी म्हटलं. आम्हाला विचाराल तर हेच नाव जास्त खरं.

जूनची लाट उतरली तेव्हा लोकांना वाटलं, गेली पीडा. पण सप्टेंबरात ती परत आली आणि ही दुसरी फेरी जीवघेणी होती. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ माणसं गेली. मुंबईत कामाला असलेला कोकणचा, घाटावरचा माणूस गावाकडं पळाला, आणि रेल्वेबरोबर रोग गावोगाव पोचला. तरणीताठी माणसं तीन-चार दिवसांत जात होती. फुप्फुसात पाणी भरायचं, ओठ निळे पडायचे. स्मशानात लाकडं पुरेनात. त्यात त्या वर्षी पावसानं दगा दिलेला, खरीप गेलेलं, ज्वारी-बाजरीचे भाव आभाळाला भिडलेले. अन्नाविना खंगलेल्या अंगावर हा ताप आला. तेव्हाच्या मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली. देशभरात किती, याचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण सव्वा कोटीच्या खाली कुणी फारसं जात नाही. दर दहा वर्षांनी आपली शिरगणती होत आली. तीत लोकसंख्या घटलेली दिसते ती १९११ ते १९२१ या दहा वर्षांत, आणि तिचं मोठं कारण ही साथ.

आता ऐका, कोण मेलं ते. रोग काही जात विचारून येत नाही, असं आपण म्हणतो. पण मुंबईचे त्या वेळचे आकडे तसं म्हणत नाहीत. गोऱ्या साहेबांच्यात हजारी आठ माणसं गेली. वरच्या जातींतल्या हिंदूंत हजारी एकोणीसच्या आसपास. आणि ज्यांना तेव्हा अस्पृश्य म्हणत, त्यांच्यात हजारी एकसष्ट. चाळीतली अंधारी खोली, एका खोलीत दहा माणसं, पोटात अन्न नाही, दवाखाना लांब. रोग तोच होता, पण घरं वेगळी होती.

दुसरी गोष्ट वाचून तर आम्ही सगळ्याच गप्प झालो. १९२१ च्या शिरगणतीच्या अहवालांत नोंद आहे की या साथीत पुरुषांपेक्षा बायका जास्त मेल्या. आणि त्याही म्हाताऱ्या नाहीत, वीस ते चाळीस वयाच्या, म्हणजे ऐन संसारातल्या. कारण काय? तुम्ही सांगा. घरात पाच जण तापानं फणफणले की उशाशी कोण बसतं? त्यांची ओकारी, थुंकी, कपडे कोण काढतं? दुष्काळात सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाची भाकरी कुणाच्या वाट्याला येते? आणि तीच पडली तर तिच्या तोंडात पाणी घालायला कोण उरतं? त्यात ती पोटुशी असेल तर विचारूच नका. पोटुश्या बाईला फ्लू फार जोरात धरतो, हे तेव्हाही दिसलं होतं आणि पुढंही दिसलं.

आमची थोरली अशीच गेली असणार. मोठ्या आईच्या सासूनं ऐकलेलं एवढंच की तिनं दीर, सासरा आणि नवरा असे तिघांना उठवलं आणि मग ती झोपली.

डॉक्टर तेव्हा काय करत होते? बिचारे अंधारात चाचपडत होते. १८९२ साली फायफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं फ्लूच्या रोग्यांच्या थुंकीत एक जिवाणू पाहिला आणि फ्लूचं कारण हाच, असं जाहीर केलं. १९१८ साली बहुतेक डॉक्टर तेच धरून चालले होते. त्या जिवाणूपासून काही देशांत लसीही बनवल्या गेल्या, हजारोंना टोचल्या. पण फ्लू काही अडला नाही, कारण मुळात चोर दुसराच होता. तो इतका बारीक की तेव्हाच्या दुर्बिणीतून दिसतच नव्हता. आपल्याकडं लोकांना क्विनाइन दिलं, पण ते औषध हिवतापाचं. खरा उपयोग झाला तो साध्या गोष्टींचा. मुंबईत निरनिराळ्या समाजांच्या मंडळ्या पुढं आल्या, त्यांनी तात्पुरते दवाखाने काढले, आजाऱ्यांना दूध पोचवलं, घोंगड्या वाटल्या. जिथं सरकार पोचलं नाही तिथं माणसं माणसांना पोचली.

खरा चोर सापडला १९३३ साली, लंडनमध्ये. स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या तिघांनी आजारी माणसाच्या घशातलं पाणी घेऊन ते बारीक गाळणीतून गाळलं. जिवाणू सगळे वरच राहिले. खाली उतरलेलं पाणी त्यांनी फेरेटच्या नाकात टाकलं. फेरेट म्हणजे मुंगसासारखं दिसणारं एक जनावर. ते जनावर दोन दिवसांत शिंकायला लागलं. म्हणजे रोग जिवाणूपेक्षा बारीक अशा कशानं तरी होत होता, त्यालाच विषाणू म्हणतात. पुढं असंही झालं की आजारी फेरेट एका संशोधकाच्या तोंडावर शिंकलं आणि तोही फ्लूनं पडला. आम्ही हे बैठकीत वाचलं तेव्हा बाया खूप हसल्या. पण पुरावा म्हणून त्या शिंकेची किंमत मोठी होती.

इथं एक गोष्ट मध्येच सांगितली पाहिजे, कारण आपण पडसं आणि फ्लू एकाच पोत्यात भरतो. पडशाचा विषाणू वेगळा, फ्लूचा वेगळा. पडसं करणारे विषाणू तर दीडशेच्या वर प्रकारचे आहेत. म्हणून पडशाला लस नाही, निघणंही अवघड. पडसं नाकापासून सुरू होतं, हळूहळू चढतं, ताप बेताचा, आणि आठवड्यात उतरतं. फ्लू एकदम आडवा पाडतो. सकाळी खुरपायला गेलेली बाई दुपारी हुडहुडी भरून परत येते. ताप जोरात, डोकं, पाठ, पोटऱ्या ठणकतात, कोरडा खोकला. दोन्हीवर अँटिबायोटिकची गोळी चालत नाही, कारण ती जिवाणू मारते, विषाणू नाही. तरी दवाखान्यात गेलं की आपणच म्हणतो, "डॉक्टर, इंजेक्शन द्या, सलाईन लावा."

आणि गारठ्याचं काय? "ओल्या केसांनी फिरू नको, पडसं होईल," हे आपल्या प्रत्येकीनं ऐकलंय आणि लेकीला ऐकवलंय. इंग्लंडात सॉल्सबरी गावाजवळ १९४६ साली नुसत्या पडशाचा अभ्यास करायला एक केंद्र काढलं होतं. तिथं आपणहून आलेल्या लोकांना गरम पाण्यानं आंघोळ घालून ओल्या कपड्यांत, वाऱ्याच्या झोतात अर्धा तास उभं केलं. वर ओले मोजे घालून बसवलं. बिचारे कुडकुडले, पण नुसत्या गारठ्यानं पडसं काही लागलं नाही. पडसं यायला दुसऱ्याकडून विषाणू यावा लागतो. तो येतो शिंकेतून, खोकल्यातून, शेंबूड पुसलेल्या हातातून, त्याच हातानं धरलेल्या तांब्यातून. पावसाळ्यात आपण दारं-खिडक्या लावून एका खोलीत दाटीनं बसतो, तेव्हा त्याचं आयतंच फावतं. आमच्या सासवांना हे सांगितलं, त्यांना अजून पटलेलं नाही. असो. केस कोरडे केल्यानं नुकसान तरी काही नाही. काढ्याचंही तसंच. आलं, तुळस, हळदीचं दूध यांनी घशाला बरं वाटतं, जरूर घ्या. पण त्यानं विषाणू मरत नाही, म्हणून काढ्याच्या भरवशावर आठ दिवस घालवायचे नाहीत.

तर विषाणू सापडला, आता लस. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत फ्लूची लस तयार झाली, ती आधी सैनिकांना दिली, मग सामान्य लोकांना. विषाणू जिवंत पेशीतच वाढतो, म्हणून तो कोंबडीच्या अंड्यात वाढवला, मग औषधानं मारला, गाळून शुद्ध केला आणि टोचला. मेलेला विषाणू आजार करू शकत नाही. पण त्याला पाहून आपलं शरीर ओळख लक्षात ठेवतं, खरा आला की धरायला तयार असतं. आमच्या गटात एक माळकरी मावशी आहेत. त्यांनी विचारलंच, "अंड्यातली लस मला चालंल का?" नर्सबाई म्हणाल्या, "मावशी, ते खाणं नव्हे, औषध आहे. अंड्यात वाढवून पुढं ते पुष्कळ गाळतात. घ्यायची की नाही ते तुमच्या मनावर." मावशींनी दोन दिवस विचार केला. काय ठरवलं ते त्यांनी आम्हाला सांगितलेलं नाही, आणि आम्हीही खोदून विचारलं नाही.

पण ही लस आली तरी काम संपलं नाही. १९४७ साली तीच लस अगदीच फुकट गेली. विषाणूनं रूप बदललं होतं. चोरानं पागोटं बदललं की चावडीवरचं वर्णन काय कामाचं? तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळा रुग्णांच्या घशातले नमुने तपासत राहतात आणि जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, सांगते की पुढच्या लसीत कोणते विषाणू घालायचे. म्हणून ही लस एकदा घेऊन भागत नाही, दर वर्षी घ्यावी लागते. या कामात आपल्या पुण्याचाही वाटा आहे. १९५२ साली तिथं विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं, तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. देशभरातल्या फ्लूवर ती नजर ठेवते. त्यातून कळलं की आपल्याकडं फ्लू मुख्यतः पावसाळ्यात वाढतो, थंडीत पुन्हा थोडा डोकं काढतो. काश्मीरचं वेगळं, तिथं तो हिवाळ्यात. म्हणून आपल्याकडं लस घ्यायची ती पावसाआधी, एप्रिल-मे महिन्यात. टोचल्यावर अंग तयार व्हायला दोन आठवडे लागतात.

२००९ साल तुम्हाला आठवत असेल. स्वाइन फ्लू. ३ ऑगस्टला देशातला त्याचा पहिला बळी पुण्यात गेला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. शाळा बंद झाल्या, तोंडाला बांधायच्या फडक्यांना सोन्याचा भाव आला, तपासणीला रांगा लागल्या. आमच्याकडं तर कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी हुंगत फिरणारी माणसं होती. आम्ही कॉलेजात होतो, आम्हीही हुंगली. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, आपल्या देशात बनलेल्या लसी बाजारात आल्या. त्यातली नाकात द्यायची एक लस पुण्याचीच होती. शंभर वर्षांपूर्वी कारणच ठाऊक नव्हतं आणि आता वर्षभरात लस.

२०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की फ्लूच्या लसीत पहिला मान पोटुश्या बाईचा. आपल्या महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये पोटुश्या बायांना, मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांना आणि दवाखान्यात काम करणाऱ्यांना ही लस फुकट द्यायला सुरुवात केली. पोटुशीला नाकातली नाही, इंजेक्शनची लस देतात. तिनं घेतली तर पोटातल्या लेकरालाही फायदा होतो, कारण सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देताच येत नाही. ते आईकडूनच जे मिळेल त्यावर राहतं.

हे सगळं होतं. आणि आम्हाला माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या गटातल्या एका ताईची लेक बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना. ताप आला, अंग मोडून आलं, खोकला. आम्ही सगळ्या तिला बघून आलो. कुणी काढा नेला, कुणी म्हणालं प्रवासाचा शीण आहे, कुणी म्हणालं वाऱ्यात बसली असेल. एका खासगी दवाखान्यात दोन सलाईन लावून घरी पाठवलं. चौथ्या दिवशी तिला श्वास पुरेना, बोलताना शब्द तुटायला लागले. जीप करून जिल्ह्याच्या गावाला नेलं. तपासणीत फ्लू निघाला. पोट फाडून बाळ काढावं लागलं, ते महिनाभर काचेच्या पेटीत होतं, आणि ती बारा दिवस श्वासाच्या यंत्रावर. दोघंही वाचली. पोरगी अजून जिना चढताना थांबते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कार्ड बघून विचारलं, "धनुर्वाताची इंजेक्शनं आहेत, मग फ्लूची लस का नाही घेतली?" आम्ही एकमेकींकडं बघत राहिलो. गटाच्या वहीत शेळीच्या लसीची तारीखसुद्धा लिहिलेली होती.

लस घेतली की फ्लू होणारच नाही, असं नाही. चांगल्या वर्षी दहातल्या चार ते सहा जणींचा आजार टळतो, आणि झालाच तरी तो जीवावर बेतायची शक्यता कमी होते. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते. पडसं मात्र येतच राहील, त्याला ही लस लागू नाही, तेव्हा "लस घेऊनही शिंका आल्या" म्हणून नर्सबाईंशी भांडू नका.

आणि ताप आलाच तर या खुणा लक्षात ठेवा. धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, गुंगी, लेकराच्या बरगड्या आत ओढल्या जाणं किंवा त्यानं अंगावर पिणं सोडणं, ताप उतरून पुन्हा जोरात चढणं. यातलं एकही दिसलं तर तडक ग्रामीण रुग्णालय. पोटुशी असेल तर या खुणांची वाटच बघायची नाही, ताप-खोकला आला की त्याच दिवशी दाखवायचं. फ्लूवर ऑसेल्टामिवीर नावाचं औषध सरकारी दवाखान्यात मिळतं, पण पहिल्या दोन दिवसांत सुरू केलं तर त्याचा गुण जास्त. लहान पोरांना ॲस्पिरिन द्यायची नाही.

आमच्या गटानं आता एक केलंय. हप्त्याच्या वहीत एक पान वाढवलं. कुणाच्या घरी पोटुशी आहे, कुणाला साखर आहे, कुणाला रक्तदाब, अशी नावं. आशाताई ती यादी मार्चअखेर आरोग्य केंद्रात नेऊन देणार आणि लस किती आली ते विचारून येणार. साठा नेहमी असतोच असं नाही. यादी हातात असली की मागता तरी येतं. खासगीत लस महाग पडते, म्हणून गटाच्या अंतर्गत कर्जातून त्यासाठी बिनव्याजी उचल द्यायचं ठरलंय. यावर आमच्यात चांगलंच भांडण झालं. दोघींचं म्हणणं, कर्ज शेळीसाठी असतं, सुईसाठी नाही. शेवटी हात वर करून मत घेतलं, नऊ विरुद्ध तीन. आणि एक, घरात कुणी तापानं पडलं तर उशाशी बसायची पाळी फक्त सुनेची नाही. हे मात्र वहीत लिहून होणारं नाही, हे आम्हालाही कळतं.

यादीतली पहिली नावं लिहीत होतो तेव्हा मोठी आई म्हणाली, "माझंही घाल, साखर हाय मला." आम्ही तिचं पूर्ण नाव विचारलं. ते आम्हालाही तोवर माहीत नव्हतं.